दोन घरची पाहुणी

मेलबर्न,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार. आजीच्या पायांवर डोकं ठेवते.

माझी तब्येत ठणठणीत आहे. परवा फोन उचलला नाही तो आजारी होते म्हणून नव्हे. या महिन्यात इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे माझे मध्यरात्रीनंतरचे अडीच. आई, जेवणाचं विचारू नकोस, वेळेवर जेवते.

बाबा, मामा काय म्हणाले ते तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत, बरं झालं. ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ म्हणे. दोन विद्यापीठं, दोन गाईड, म्हणजे पोरगी धड कुणाचीच नाही आणि पदवीही अर्धवट. तसं अजिबात नाही. पवईची आयआयटी आणि इथलं मोनॅश या दोघांनी २००८ साली मिळून संशोधन अकादमी काढली ती याचसाठी. पीएच.डी. एकच, पण ती दोघं मिळून देतात. एक गाईड पवईला, एक इथे क्लेटनला, आणि दोघांचं समाधान झाल्याशिवाय माझं काम पुढे सरकत नाही. यात उपाशी राहायचं कुठून आलं?

आणि ‘ते लोक आपल्याला उगाच कशाला शिकवतील?’ हा तुमचा स्वतःचा प्रश्न. त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. भागीदारीच्या उद्दिष्टांत स्वच्छ ऊर्जा, पायाभूत सुविधा, पाणी असे मोठमोठे विषय आहेत. मी पाण्यापुरतं सांगते, ते आपल्या घरात लगेच कळेल.

इथेही दहा वर्षांहून जास्त दुष्काळ होता. २००९ मध्ये मेलबर्नच्या धरणांत जेमतेम पाव साठा उरला होता. माणशी दिवसाला १५५ लिटरांत भागवा, असं लोकांना सांगावं लागलं. तेव्हापासून रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी वाळू आणि झाडांच्या मुळांतून गाळून घेण्यावर इथे फार बारकाईने काम झालंय. पण इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, सगळा मिळून साधारण ६५० मिलिमीटर. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला! आणि पावसाळा सरला की आठ महिने थेंब नाही. इथली गाळणी तिथे टिकेल का? हे यांना एकट्याने कळणार नाही आणि आपल्यालाही एकट्याने कळणार नाही. त्यांना आपला पाऊस हवा आहे, आपल्याला त्यांचा अनुभव. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, बाबा.

माझ्याकडे छातीइतके उंच बारा पाइप आहेत. तळाला खडी, वर वाळू, आणि त्यात लव्हाळ्याच्या कुळातलं एक उंच गवत लावलंय. वरून गढूळ पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून बाटलीत धरायचं आणि तपासायचं. त्यातले सहा जूनअखेरपासून कोरडे ठेवलेत, मोजून आठ महिने तसेच ठेवायचेत. तिघांच्या तळाशी वीतभर पाणी राखलंय, तिघांच्या नाही. ज्यांच्या तळाशी पाणी आहे त्यांचा गाभा अजून हिरवा आहे, बाकीच्यांची पानं टोकाकडून वाळत खाली आली आहेत. रोज सकाळी ती बघताना मला लातूरचं २०१६ आठवतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आणि आई, तू रांगेत माझ्या हातात दिलेल्या कळशीची कडा मला अजून बोटांना जाणवते.

आजीला एक आवर्जून वाचून दाखवा. इथे कुठलीही बैठक असो, अगदी आमच्या दोन्ही गाईडची पडद्यावरची असो, पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं की आपण ज्या जमिनीवर बसलोय ती मूळ कुलिन लोकांची, त्यांच्या पूर्वीच्या आणि आताच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. मग कामाला सुरुवात. मला आधी कळेचना. कुलिन म्हणजे एक माणूस नव्हे, इथल्या मूळ लोकांच्या अनेक समूहांचं मिळून ते नाव. हे नुसतं उद्घाटनाला म्हणतात असंही नाही, मंगळवारच्या साध्या आढाव्यालाही म्हणतात. मी पहिल्यांदा उठून उभी राहिले, मग दिसलं की बसूनच ऐकायचं असतं. आजी, तू पहाटे अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीची क्षमा मागतेस ना, मला तेच आठवलं. आता माझी पाळी आली की मी मनापासून म्हणते.

शिष्यवृत्तीतून उरलेले ४०,००० रुपये दादाच्या खात्यावर पाठवलेत, ते लग्नासाठीच आहेत. बोअर आणखी खोल घ्यायला तुम्ही कर्ज काढताय असं कळलं. बाबा, माझं ऐका, निदान लग्न होईपर्यंत थांबा.

आई, पुण्याच्या मुलाचा फोटो पाहिला. चांगला आहे. त्यांना खोटी आशा मात्र लावू नकोस, प्रबंध झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आणि दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. आठ महिने फेब्रुवारीअखेर भरतात, तोवर दर आठवड्याला मोजमाप घ्यावं लागतं. एक आठवडा चुकला तर सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या कुणावर सोपवून बघावं असं खूप वाटलं, नाही जमलं. दादाला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, रविवारी मीच फोन करते. करवली म्हणून चिमीला उभी करा. माझी मोरपंखी साडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, तिला तीच नेसवा.

तुमची,
सोनू