‘ग्लूटेन-फ्री’ पाककृती छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत खपली गव्हाचा ब्रेड ‘पोटाला हलका’ म्हणून येतो आणि बघता बघता त्याला ‘ग्लूटेन-फ्री’ हे बिरुद चिकटते. खपली हा गहूच आहे, म्हणजे त्यात ग्लूटेन हे गव्हातले चिकट प्रथिन असतेच. सिलिअ‍ॅक आजार (यात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) असलेल्या माणसाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. रवा, दलिया, शेवया, सातू यांचेही तेच. पीठ दोन दिवस आंबवले किंवा भट्टी कितीही तापवली तरी त्यातले ग्लूटेन जात नाही. सावरडोबद्दलचा (म्हणजे अशा आंबवलेल्या पिठाच्या ब्रेडबद्दलचा) गैरसमज कुठून आला तेही सांगायला हवे: आंबवण्यात गव्हातले फ्रुक्टान (पचायला अवघड कर्बोदके) बरेच कमी होतात, त्यामुळे आयबीएस (पोट वारंवार बिघडण्याचा त्रास) असलेल्या काहींना तो ब्रेड सोसतो. पण आयबीएस वेगळे आणि सिलिअ‍ॅक वेगळे. एकाला सोसले म्हणून दुसऱ्याला वाढायचे नसते.

‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालते. गव्हाच्या पिठात साधारण १० टक्के ग्लूटेन धरले, तर किलोभर ज्वारीच्या पिठाला ही मर्यादा ओलांडायला गव्हाचे पाव ग्रॅमहून कमी पीठ पुरते, म्हणजे जेमतेम चिमूट. आता कोपऱ्यावरची गिरणी आठवा. गव्हाचा डबा उतरला की लगेच ज्वारीचा चढतो. जात्याच्या पाळीत, नळीच्या कापडी तोंडात मागचे पीठ असतेच. आधी मूठभर तांदूळ दळून ‘पाळी धुवून’ घेतल्याने ते कमी होते, संपत नाही. ज्याला खरेच पथ्य पाळायचे आहे त्याने घरघंटी फक्त बिनगव्हाच्या धान्यांसाठी ठेवावी. धान्यही आधी निवडावे, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सर्रास सापडतात. निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून मग दळावे. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे, उलथने वेगळे. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो. मसाल्याचे खारे बिस्किट करताना हे हटकून विसरले जाते.

आता ब्रेडकडे. बहुतेक पाककृती इथे ‘मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ घ्या’ म्हणून मोकळ्या होतात आणि वाचकाच्या हाती वीट येते. ज्वारीला चिकटपणा नाही. भाकरीसाठी आपण उकळते पाणी घालतो ते त्यातले स्टार्च फुलून पीठ धरून राहावे म्हणून. ब्रेडमध्ये यीस्टचा वायू तासभर कोंडून ठेवायचा असतो, तेवढी ताकद उकडीत नसते. ते काम इसबगोल करतो.

८ × ४ इंचाच्या एका साच्यासाठी: ताजे दळलेले ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, तांदळाची अगदी बारीक पिठी ८० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचे स्टार्च १०० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, व्हिनेगर एक छोटा चमचा, कोमट पाणी ४०० मिलिलिटर. स्टार्चऐवजी साबुदाणा मिक्सरवर दळून घालू नये, कणी राहते. इसबगोल साधा घ्यावा, संत्र्याच्या चवीचा नव्हे. त्यात साखर किंवा स्वीटनर असतो. आणि तो वजनावरच घ्यावा. सालपटे हलकी असतात, पूड जड, त्यामुळे चमच्याचे माप दरवेळी वेगळे भरते.

पाण्यात इसबगोल एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने फेटत जायचे. उलटे केले, म्हणजे भुशावर पाणी ओतले, तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. पाच-सात मिनिटांत खळीसारखा गोळा होतो. त्यात तेल, व्हिनेगर आणि मग बाकीचे कोरडे मिश्रण घालून हाताने चांगले मळावे, कुठे पांढरी रेघ राहता कामा नये. पीठ थालिपिठापेक्षा किंचित सैल हवे. ओल्या हाताने आकार देऊन साच्यात ठेवावे आणि एकदाच फुगवावे, दीडपट होईपर्यंत. मैद्यासारखे दुप्पट होण्याची वाट पाहिली की भट्टीत मध्ये खड्डा पडतो. थंडीत याला तास-सव्वा तास लागतो. नागपूरच्या मेमध्ये अर्ध्या तासातच बघायला लागावे. ओटीजीत २२० अंशांवर २० मिनिटे, मग १९० वर आणखी ४० मिनिटे. आतले तापमान ९७-९८ अंश झाले की काढावे. जाळीवर निदान दोन तास निवू द्यावे. गरम कापला तर आतून लगदा लागतो आणि कच्चा राहिला असे वाटते. प्रत्यक्षात स्टार्च अजून बसलेले नसते. पूर्ण निवल्यावरही तळाशी ओली पट्टी दिसली, तर मात्र पाणी जास्त झाले किंवा भाजणे कमी पडले. पुढच्या वेळी पाणी २० मिलिलिटरने कमी करावे. ज्वारीच्या जागी बाजरी घ्यायची असेल तर पीठ दोन-तीन दिवसांतलेच हवे, नाहीतर कडवटपणा ब्रेडमध्येही उतरतो.

नानकटाई याहून पुष्कळ सोपी, कारण खुसखुशीत पदार्थाला ग्लूटेन लागतच नाही. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

पोटासाठी आणखी काही. अंड्याविना केकात घातले जाणारे कंडेन्स्ड मिल्क म्हणजे लॅक्टोजचा साठा. सिलिअ‍ॅकचे निदान नुकतेच झालेल्या रुग्णाला आतडे भरून येईपर्यंत दूध पचत नाही असे अनेकदा होते. तिथे नारळाचे दूध चालते. आयबीएस असेल तर बेसन, काजू, पिस्ते आणि फार पिकलेले केळे त्रास देऊ शकते. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांतले माल्टिटॉल-सॉर्बिटॉल तर बऱ्या पोटालाही गुडगुड लावते. मधुमेहींनी लक्षात ठेवावे की वरच्या ब्रेडच्या कोरड्या पिठांत जवळजवळ एक तृतीयांश शुद्ध स्टार्च आहे. थायरॉइडची गोळी आणि इसबगोलाचा ब्रेड एकत्र घेऊ नये, औषध कमी शोषले जाते. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारामुळे आतडे अरुंद झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोलाच्या वाटेला जाऊच नये.

आणि ज्यांना सिलिअ‍ॅकचा नुसता संशय आहे त्यांनी गहू सोडण्याआधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्यावी. दोन-तीन महिने गहू बंद ठेवून मग तपासले तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो, आणि निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खाण्याची पाळी येते.

२०२३ च्या भरडधान्य वर्षापासून ‘नाचणी’, ‘ज्वारी’ अशी मोठी अक्षरे मिरवणारी बिस्किटे वाढली आहेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पाकीट उलटे केले की पुष्कळदा पहिला मैदाच दिसतो. आपल्या पुरवणीतल्या पाककृतींना असे पाकीट नसते. म्हणून विनंती एवढीच, की ‘ग्लूटेन-फ्री’ शब्द छापण्याआधी घटकांची यादी कुणा आहारतज्ज्ञाच्या नजरेखालून जावी आणि मापे वाटीत न देता ग्रॅममध्ये द्यावीत. वाटी घरागणिक बदलते.

आपली,
बेकिंग शिकवणारी एक वाचक, नाशिक