कृष्णधवल स्ट्रीट पोर्ट्रेट : रविवारच्या फेरीआधी वाचा

सभासदांनो, कॅमेरा मोनोक्रोमवर (स्क्रीनवर चित्र कृष्णधवल दिसतं), फाइल मात्र रॉ, म्हणजे रंगांसह सगळी मूळ माहिती राखणारी. रंग गेले की लाल सदरा आणि हिरवी भिंत एकाच करड्या छटेत मिसळतात. हे स्क्रीनवर तिथेच दिसलं, तर दोन पावलं सरकून पार्श्वभूमी बदलता येते. चेहऱ्यामागे सावलीतली भिंत किंवा दारातला अंधार उत्तम. पण गडद पार्श्वभूमीने मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक, फसतो, चेहरा पांढरा पडतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे प्रकाश निम्मा. फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर १/२५० सेकंद किंवा वेगवान. डोक्यातून खांब उगवलेला दिसला तर जागा बदला, नंतर कापून तो जात नाही. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माणसाला छपराखाली, कडेशी, उजेडाकडे तोंड करून उभं करा.

आधी विचारा. नको म्हटलं की कॅमेरा खाली.