मुस्लिम अभ्यासकांना समाजशास्त्रावरही बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलाक, हिजाब किंवा वक्फचा वाद पेटला की वर्तमानपत्रांना मुस्लिम अभ्यासकांची आठवण होते. समाज कसा बांधला जातो, सत्ता का ढासळते, जात का टिकते, हे त्यांना कुणी विचारत नाही. आपले दैनिकही याला अपवाद नाही, म्हणून हे पत्र.

ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेला अरब इतिहासकार इब्न खल्दून याने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ हा आपल्या इतिहासग्रंथाचा प्रस्तावनाखंड लिहिला. मोझेसच्या सैन्यात सहा लाख माणसे होती, असे जुने इतिहासकार लिहून गेले होते. इब्न खल्दून तिथेच अडतो. एवढे सैन्य त्या मुलखात मावेल का? रणांगणावर एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाची खबर कशी लागेल? सांगणारा कितीही मोठा असो, गोष्ट समाजाच्या रीतीला धरून आहे का, हे आधी तपासा, असे त्याचे म्हणणे. टोळीच्या एकजुटीवर, म्हणजे ‘असबिय्या’वर राज्य उभे राहते आणि सुखासीनतेने साधारण तीन पिढ्यांत ती एकजूट विरते, हा सिद्धांतही त्याचाच. समाजशास्त्राची सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंत ऑगस्ट कोंतपासून शिकवताना निदान एक तास या माणसाला मिळायला हवा.

विसाव्या शतकात हा विचार थांबला, असेही नाही. आधुनिक सामाजिक शास्त्रे इस्लामी दृष्टीने नव्याने मांडावीत, असा आग्रह पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत इस्माईल अल-फारूकी यांनी धरला. त्यासाठी १९८१ मध्ये अमेरिकेत संस्थाही निघाली. शिकागोला शिकवणारे फझलुर रहमान यांना हे पटले नाही. ज्ञानावर शिक्का मारत बसण्यापेक्षा विचार करणारी माणसे घडवावीत, असा त्यांचा रोख होता. मला स्वतःला रहमान यांचेच बरोबर वाटते. पण दोघेही श्रद्धावान मुस्लिम, दोघेही विद्वान, आणि भांडण पूर्णपणे ज्ञानाविषयीचे! हमीद दलवाईंमुळे सुधारणेची चर्चा मराठीत रुजली. ही दुसरी चर्चा मात्र आपल्या कानावर जवळजवळ आलीच नाही.

आपल्या घराजवळचा विषयही आहेच. भारतीय मुस्लिमांमधील जातींवर समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये लेखसंग्रह संपादित केला. कोल्हापुरात बागवान, मुजावर, अत्तार, शिकलगार ही आडनावे रोज कानावर पडतात. प्रत्येकामागे एक धंदा किंवा सेवा आहे. यांच्यात सोयरीक कुठे जुळते, कुठे अडते, जमातीच्या बैठकीत कुणाचा शब्द चालतो? आणि मोहरमात तालमीत पीरांचे पंजे बसतात, तेव्हा हिंदू घरांचा त्यात वाटा कसा ठरतो? हे सारे नीट अभ्यासून मराठीत लिहिणारी मुस्लिम तरुण मुले-मुली याच शहरात तयार होऊ शकतात.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पुढाकार घेऊन मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय केली आणि दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्याच चौकात शाहू स्मारक भवन आहे. शिवाजी विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाने तिथे मराठीतून खुली व्याख्यानमाला घ्यावी, वक्ते मुस्लिम अभ्यासक असावेत, त्यात बायकाही असाव्यात. आणि आपण त्या व्याख्यानांचे वृत्त धार्मिक कार्यक्रमांच्या रकान्यात न टाकता शिक्षणाच्या पानावर, सविस्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर