बटणं तरी काढून घ्यायची होती

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय बन्या,

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुझ्याकडे नातू रडत होता आणि माझ्याकडे कुकर. म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

लेस्टरला ताईकडे आठ दिवस राहून आलो. तिसऱ्या दिवशी जेट लॅग उतरल्यावर एकटाच बेलग्रेव्हला गेलो. बेलग्रेव्ह रोडवरचा तो अवजड फ्लायओव्हर नाहीये, 2014 मध्येच पाडला. त्यामुळे मला दिशाच कळेना. साडीची दुकानं, सोन्याची दुकानं, फरसाण. पण आत वळलो आणि आपली जिटी दिसली! घरांच्या मागच्या परसांमधून जाणारा तो बोळ. लंडनच्या माणसाला जिटी म्हटलेलं कळत नाही, इथे पुण्यात तर मी कोणाला सांगू? दोन सायकली समोरासमोर आल्या की एकाने उतरायचं. हात पसरून पाहिले, दोन्ही भिंतींना टेकले. तेव्हा टेकायचे नाहीत.

आपलं घर आहे तिथेच आहे. लाल विटांची रांग, दार उघडलं की थेट फुटपाथ. परसातला संडास गेला असावा. तो संडास, बन्या! जानेवारीत रात्री लागली तर आधी विचार करायचा, खरंच लागली आहे का. आत तारेला अडकवलेले लेस्टर मर्क्युरीचे चौकोनी तुकडे. माझं इंग्रजी वाचन तिथेच सुधारलं, पण प्रत्येक बातमी अर्ध्यात तुटायची.

लोक आता त्या दिवसांबद्दल फार गोड बोलतात. मला ते पटत नाही. घर ओलसर होतं. खिडकीच्या काचेला सकाळी आतून बर्फ असायचा, त्यावर आपण नखाने नावं काढायचो. एका खोलीत पॅराफिनचा हीटर, बाकी घर स्मशान. अंगाला, दप्तराला, वरणालासुद्धा रॉकेलचा वास. शाळेत तो वास ऐकवला जायचाच, आणि बाकीचंही बरंच ऐकवलं जायचं. 1979 च्या एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंटचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणाऱ्या त्या गोऱ्यांच्या पक्षाचा, मोर्चा निघाला, तेव्हा बाबांनी दुपारीच पडदे ओढले होते. त्याच उन्हाळ्यात आम्ही परत आलो. यावर जास्त लिहीत नाही, तुला माहीत आहे.

पण शेजारची म्हातारी आठवते ना? आई नवीन होती, मी तीन वर्षांचा. म्हातारी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून उंबरा घासायची आणि आई दिसली की म्हणायची, "मॉर्निंग, मी डक!" आईने आठवडाभर ऐकून घेतलं. मग बाबांना विचारलं, "अहो, या बाईला मराठी येतं का? रोज सांगते, मी डक. डक म्हणजे बदक ना? काही डोक्यात बिघाड आहे का?" लेस्टरला सगळे एकमेकांना 'डक'च म्हणतात, बस कंडक्टरसुद्धा, हे आईला पटायला वर्ष लागलं. नंतर तीच काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, दारातून हाक मारायची, "काय गं डक, दळण संपलं का?"

ताईकडे आईची कात्री निघाली. व्हॅनमधून गठ्ठे यायचे ते आठव. पुढच्या खोलीत ओव्हरलॉक मशीन, त्याखाली तुकड्यांचा डोंगर. मशीनवरून पॅंट्यांची माळच्या माळ निघायची, एकीला दुसरी जोडलेली, आणि मधला दोरा कापायचं काम आपलं. कापायचं, उलटायचं, बारा मोजायचे, बांधायचं. डझनावर पैसे. अकरा निघाले तर व्हॅनवाला अख्खा डझन धरायचा नाही. मला बाराचा पाढा शाळेने नाही शिकवला, बायकांच्या चड्ड्यांनी शिकवला. तू मात्र दर वेळी गठ्ठ्यावर झोपायचास.

त्या मशीनच्या खडखडाटाची इतकी सवय होती, की जुलैचे पहिले दोन आठवडे कान दुखायचे. लेस्टर फोर्टनाइट! होजियरीचे, बुटांचे, सगळे कारखाने एकदम बंद, अर्धं शहर स्केगनेसच्या समुद्रावर. आपणही एका वर्षी कोचने गेलो होतो. काकांनी पाण्यात पाय घातला, बाहेर काढला आणि परत बसमध्ये जाऊन बसले.

आणि 1972. इदी अमीनने युगांडातून तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना हाकललं, आणि आपल्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात जाहिरात दिली, की तुमच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. जाहिरात वाचून अनेकांना लेस्टर नावाचं गाव आहे हे कळलं असणार. आले ते. वर्षभरात कोपऱ्यावर मेथीची जुडी मिळायला लागली. आईने पहिली जुडी घरी आणली, निवडली नाही, नुसती हुंगत बसली. तोपर्यंत हळद पार्सलने यायची आणि कोथिंबीर स्वप्नात.

आता मुद्द्यावर येतो. कोट.

1973 ची बॉनफायर नाइट. 5 नोव्हेंबरला सोमवार होता, म्हणजे आधीच्या शुक्रवारी, पगाराच्या दिवशी, पबच्या कोपऱ्यावर 'पेनी फॉर द गाय' करायचं ठरलं, गाय फॉक्सचं बुजगावणं मांडून पैसे मागायचे. (मी हे आजीला पत्रात कळवलं होतं. तिचं उत्तर आलं, "इंग्रज लोक गाईसाठी पैसे जमवितात हे वाचून फार समाधान झाले." पुढच्या पत्रात मी लिहिलं, की मग आम्ही तो गाय जाळतो. त्यावर उत्तरच आलं नाही.) बुजगावण्याला कपडे हवे होते. तळघराच्या दारामागे खिळ्याला बाबांचा कोट होता, काळा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. तो त्यांनी अंगात घातलेला आपण कधी पाहिला नव्हता. टाकलेलाच आहे असं तू म्हणालास. मी म्हणालो असं तू म्हणतोस, असो. आत पेपर कोंबले, म्हातारीची जुनी बाबागाडी घेतली, आणि छत्तीस पेन्स कमावले.

सोमवारी रात्री पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागेत शेकोटी पेटली. बाबा शिफ्टवरून थेट आले, हातात कागदातला भाजलेला बटाटा. वर पाहिलं. कोट तोवर खांद्यापर्यंत पेटला होता. मी तुझ्या मागे लपलो. ते बटाटा खात राहिले आणि संपल्यावर एवढंच म्हणाले, "बटणं तरी काढून घ्यायची होती."

मला इतकी वर्षं वाटायचं, विषय तिथे संपला. परवा ताई म्हणाली, नाही. 1964 मध्ये बाबा लालबागची मिल सोडून निघाले तेव्हा आजोबांनी तो कोट शिवून घेतला होता, सोसायटीचं कर्ज काढून. लेस्टरच्या थंडीपुढे तो कोट म्हणजे मलमल, दुसऱ्याच हिवाळ्यात बाबांनी जाड कोट घेतला. पण परत जाताना हाच घालून बोटीवरून उतरायचं, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. मंगळवारी पहाटे शिफ्टच्या आधी ताई परसात गेली होती. बाबा काठीने राख उकरताना तिला जिटीतून दिसले. पितळी बटणं होती. पाच होती, चार मिळाली.

जानेवारीत तीन दिवसांचा आठवडा आला, वीज वाचवायला कारखाने तीनच दिवस चालू, पगारही तीनच दिवसांचा. त्या महिन्यात बाबांनी कोटाचं नावही काढलं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

ताईकडे क्वालिटी स्ट्रीटच्या डब्यात तीन बटणं आहेत. काळी पडलीत, एकाचा कान वितळलाय. मी एक मागितलं. म्हणाली, "जाळताना विचारलं होतंस?" दिलं नाही.

चौथ्याचं असं. ताईचं म्हणणं, आईने ते बाबांच्या तपकिरी स्वेटरला लावलं होतं आणि राणीच्या ज्युबिलीच्या पार्टीला बाबांनी तोच स्वेटर घातला होता. 7 जून 1977, रस्त्यात टेबलं, आईचे बटाटेवडे आणि त्यावर म्हातारीने ओतलेलं सॅलड क्रीम. तो फोटो काकांनी काढला होता, म्हणजे तुमच्या अल्बममध्ये असणार. 2016 मध्ये लेस्टर सिटीने फुटबॉलची लीग जिंकली त्या रात्री अडीच वाजता फोन करून तू मला उठवलंस, तेव्हा म्हणाला होतास की अल्बम माळ्यावर आहे.

तर माळ्यावर चढ. (स्वतः नको, मुलाला चढव.) फोटोत बाबा डावीकडे, युनियन जॅकच्या पताकेखाली उभे आहेत. भिंग घेऊन बघ, वरून दुसरं बटण. बाकीच्यांपेक्षा मोठं आहे का, एवढंच कळव.

वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
दिल्या