ओहायोतील लेकीस, तिच्या नव्या राज्यघटनेविषयी

सातारा

चि. सौ. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तू पाठवलेली प्रश्नपुस्तिका मी दोनदा वाचून काढली. तुझ्या आईचे म्हणणे असे की, परीक्षा मुक्ताची आणि अभ्यास तुमचा. त्या पुस्तिकेतल्या दोन प्रश्नांपाशी मी थबकलो. राज्यांचा एखादा अधिकार सांगा, या प्रश्नाला शाळा, पोलीस, अग्निशमन, वाहन परवाना आणि जमिनीच्या वापराचे नियम अशी उत्तरे दिली आहेत. आणि यादवी युद्ध ज्यामुळे पेटले असा एखादा प्रश्न सांगा, याला 'गुलामगिरी' हे जसे बरोबर उत्तर आहे, तसेच 'राज्यांचे हक्क' हेही बरोबर धरले जाते. मागच्या रविवारी तू म्हणालीस की वॉशिंग्टनचा कारभार काही सुधारायचा नाही, तेव्हा ज्या त्या राज्याला आपापल्या मताने वागू द्यावे हेच बरे. मी त्यावर काही बोललो नाही, कारण असल्या विषयावर मी फोनवर सुरू झालो की तू भांडी घासायला घेतेस, हे मला इकडे ऐकू येते.

माझे मत तुझ्या मताच्या शेजारचे आहे, पण तेच नव्हे. अमेरिकेच्या घटनेने राज्यांना जिथे जोर नको तिथे तो भरपूर दिला आहे, आणि जिथे हवा तिथे तो हळूहळू काढून घेतला गेला आहे, असे मला वाटते.

सिनेटचेच पाहा. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना लहान राज्ये अडून बसली आणि प्रत्येक राज्याला सारख्याच, दोन जागा मिळाल्या. त्या काळी सर्वांत मोठ्या व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या बारा-तेरा पट होती. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाचे लोक ३ कोटी ९५ लाख भरले आणि वायोमिंगचे ५ लाख ७७ हजार, म्हणजे तफावत अडुसष्ट पटींवर गेली, आणि जागा मात्र दोघांनाही दोनच राहिल्या. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत आणि गोव्याला एक. शिवाय आपली राज्यसभा अर्थविधेयक अडवू शकत नाही, तर तिथली सिनेट कायदे अडवतेच, पण सर्वोच्च न्यायालयात तहहयात बसणाऱ्या न्यायाधीशांच्या नेमणुकांनाही तिचीच संमती लागते. अध्यक्षाची निवड थेट लोकांच्या एकूण मतांवर नव्हे, तर राज्यांना वाटून दिलेल्या मतांवर होते; तिथेही प्रत्येक राज्याला सिनेटच्या त्या दोन जागांमागे दोन जास्तीची मते मिळतात, आणि वर बहुतेक राज्यांत ज्याला लोकांचे एक मत जास्त त्याला राज्याची सगळी मते, अशी रीत आहे. त्यामुळे २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर देशाचा निकाल लागला, आणि २०१६ साली लोकांची २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन हरल्या.

हे बदलावे म्हटले तर घटनेच्या पाचव्या कलमाने वाट बुजवलेली आहे. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. सिनेटमधला समान वाटा तर त्या त्या राज्याच्या संमतीखेरीज कमी करताच येत नाही. शेवटची, म्हणजे सत्ताविसावी दुरुस्ती १९९२ साली मंजूर झाली, आणि ती मांडलेली होती १७८९ साली. आपल्या कोर्टातल्या वाटपाच्या दाव्यांना मी तीस वर्षे उगाच नावे ठेवली.

आता दुसरी बाजू, आणि ती तुमच्या ओहायोतलीच आहे. रॉस्को फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याला केंद्राच्या कोट्याप्रमाणे ११.१ एकर गहू पेरायची परवानगी होती. त्याने २३ एकर पेरला. त्याचे म्हणणे असे की जास्तीचा गहू आपल्या गुराकोंबड्यांसाठी आणि घरच्या पिठासाठी आहे, तो राज्याबाहेर तर सोडाच, बाजारातही जाणार नाही. १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की एकट्याचा गहू क्षुल्लक असला, तरी सगळेच असे वागले तर देशातल्या भावावर परिणाम होईल, सबब हा 'आंतरराज्य व्यापार' आहे आणि केंद्राला त्यावर कायदा करता येतो. दंड ११७ डॉलरचा होता. पण त्या निकालानंतर केंद्राच्या हातून सुटेल असा व्यवहार फारसा उरला नाही. जिथे हुकूम चालत नाही तिथे पैसा चालतो. दारू पिण्याचे वय ठरवणे हे राज्यांचे काम, पण १९८४ च्या कायद्याने, वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्गांचा काही निधी कापला जाईल असे ठरले. साउथ डकोटा कोर्टात गेले आणि १९८७ साली हरले. निधी आणि त्याला बांधून येणाऱ्या अटी हे काय प्रकरण असते, ते आपल्या जिल्हा परिषदेतला शिपाईही सांगेल.

एवढे वाचून तू म्हणशील, मग बाबा माझ्याच बाजूचे झाले. थोडे थांब. ज्या व्यापाराच्या कलमाने फिलबर्नचा गहू मोजला, त्याच कलमाच्या आधाराने १९६४ च्या कायद्यान्वये कृष्णवर्णीयांना खोली नाकारणाऱ्या हॉटेलांचे दरवाजे उघडावे लागले. १९५७ साली आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुले जाऊ नयेत म्हणून राज्याच्या गव्हर्नरने सशस्त्र शिपाई उभे केले, तेव्हा त्या मुलांना आत नेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर पाठवावे लागले. 'राज्यांचे हक्क' हा शब्द त्या देशात निष्पाप नाही. किंबहुना दक्षिणेच्या मालकांना तो सोयीपुरताच हवा होता: १८५० च्या कायद्याने पळालेले गुलाम परत आणण्यासाठी त्यांनी केंद्राचीच ताकद मागितली, आणि ओहायो नदी ओलांडून आलेल्यांना लपवणाऱ्या उत्तरेतल्या लोकांना गुन्हेगार ठरवले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला; पुण्यात बसून त्यांनी त्या युद्धाचे कारण बरोबर ओळखले होते.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले होते, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी आपल्या आणि अमेरिकेच्या संघराज्यातला फरक उलगडून दाखवला. तिथे नागरिकत्व दुहेरी आणि राज्यांना स्वतःची घटना करण्याची मुभा. आपल्याकडे नागरिकत्व एकच. हक्क राज्याची सीमा ओलांडली की बदलू नयेत, ही त्यामागची दृष्टी मला आजही पटते. म्हणून मला राज्यांना स्वायत्तता हवी आहे ती नागरिकाच्या मूलभूत हक्कांच्या वर, त्यांच्या खाली जाण्यासाठी नव्हे.

आणि राज्याच्या घटनेचे म्हणशील, तर तिथे अजून जीव आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओहायोत घटनादुरुस्तीसाठी साठ टक्के मतांची अट घालण्याचा प्रयत्न झाला, तो मतदारांनी फेटाळला, आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी तो हक्क राज्याच्या घटनेत लिहिला. एका वर्षात दोनदा लोकांनी आपल्या घटनेविषयी थेट निर्णय दिला. केंद्राच्या घटनेत अशी सोयच नाही. पण शेजारच्या इंडियानात तोच हक्क जवळजवळ उरला नाही, हेही तुझ्या मताचेच फळ आहे, याचा विचार कर.

एक वाट मात्र राज्यांच्याच हातात आहे. अध्यक्ष निवडणारी मते कशी द्यायची हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला असतो, आणि देशभरात ज्याला जास्त मते पडतील त्यालाच आपली मते देऊ, असा करार काही राज्यांनी आपसांत केला आहे. बहुमताला लागणाऱ्या २७० मतांची राज्ये जमली की तो अमलात येईल. दोनशेहून अधिक मतांची राज्ये त्यात आली आहेत. ओहायो अजून आलेले नाही. शपथ झाल्यावर तुझ्या भागातल्या आमदाराला या एका गोष्टीसाठी पत्र लिहावेस, असे मला वाटते.

मुलाखतीत यातले काही बोलू नकोस. विचारतील तेवढेच सांग. यादवी युद्धाच्या कारणाचा प्रश्न आला, तर मात्र 'गुलामगिरी' हेच उत्तर दे.

तुझे,
बाबा