दिवाणाच्या कुशनांची हकिगत

ब्रिस्बेन,
१८ जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न.

इथल्या दुकानातला गूळ चिक्कीचा निघाला नाही, त्यामुळे संक्रांतीला वड्या झाल्याच नाहीत, डब्यात नुसता चुरा आहे. चमच्याने खातोय. असो.

आई, दिवाळीत तू फोनवर विचारलंस की माश्यांचे फोटो काढत उन्हात बसतेस, त्याचं पुढे काय करणार? तेव्हा मी फुशारकीने म्हणाले, तुझ्या दिवाणाची कुशनं करते. आता त्याची हकिगत ऐक.

मागच्या अंगणात तुळस, टोमॅटो आणि चार वांगी लावली आहेत. तुळशीला मंजिऱ्या आल्या की निळ्या पट्ट्यांची एक माशी येते. सेंटिमीटरभर लांब, छातीवर तांबूस लव, काळ्या पोटावर चमकते निळे पट्टे. मादीला बहुधा चार, नराला पाच. इथे तिला ब्लू बँडेड बी म्हणतात. ती पोळं बांधत नाही, मध साठवत नाही. प्रत्येक मादी मातीत किंवा जुन्या भिंतीच्या ठिसूळ सांध्यात आपापलं बीळ करते. पेट्यांतून पाळतात ती युरोपीय मधमाशी तर मूळची इथली नाहीच, १८२२ मध्ये जहाजातून सिडनीला आणलेली. आपल्याकडच्या सातेरी मधमाशीला मात्र कुणी उपरी म्हणणार नाही.

तिला बघावं तर वांग्याच्या फुलावर. वांग्याचे पराग केसरांच्या आत असतात आणि टोकाला फक्त बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. मधमाशीला ते काढता येत नाहीत. ही मात्र केसर घट्ट धरते आणि त्यांवर डोकं आपटते, सेकंदाला सुमारे ३५० वेळा. बाबा, अगदी तुमच्या दाढीच्या मशीनचा आवाज. पिवळी भुकटी तिच्याच तोंडावर उडते.

पण फोटो? ती एका जागी सेकंदभरही थांबत नाही. मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून काढलं की डोळा स्पष्ट येतो आणि मागचे पट्टे धूसर. सगळं स्पष्ट यावं म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ इतकं बारीक केलं तर उजेड कमी पडतो, म्हणून फ्लॅश. फ्लॅशने पाठ चकाकते, म्हणून दुधाच्या कॅनचं पांढरट प्लॅस्टिक कापून त्यापुढे लावलं. शेजारीणबाई कुंपणावरून बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत. चारशे फोटोंतले सहा जमले. त्यातलेही दोन संध्याकाळचे: या माश्यांचे नर अंधार पडायला लागला की सुक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. तेव्हा फोटो काढायला कुणीही चालेल, मीही.

खरी फजिती छपाईत झाली. कुशन ४५ सेंटिमीटरचं. कापडावर इंचाला दीडशे ठिपके तरी हवेत, म्हणजे एका बाजूला साधारण २,६५० पिक्सेल. मी माशीभोवती चौकोन कापला तेव्हा उरले जेमतेम १,२००. तरी हौसेने ताणून पाठवलं. आलं ते असं: माशी मांजराएवढी, लव गुळगुळीत मेणासारखी, निळा रंग मळक्या जांभळ्यावर गेलेला, आणि एक मिशी शिवणीत गायब. छापणाऱ्याचा दोष निम्माच. पडद्यावरचा निळा उजेडाचा असतो, शाईला तो तसाच्या तसा येत नाही. शिवाय कडेला दोन सेंटिमीटर शिवणीसाठी सोडायचे, हे मला सुचायला हवं होतं. आजी असती तर म्हणाली असती, उशीवर गोमाशी कशाला?

मग माशी मोठी करायचा हट्टच सोडला. आता पूर्ण फोटो घेतलाय: तुळशीची मंजिरी मोठी, माशी कोपऱ्यात, खऱ्या आकाराच्या तिप्पट, शोधावी लागेल इतकी. आधी हातरुमालाएवढा नमुना छापून खिडकीतल्या उजेडात बघितला, दोनदा निळा बदलला. मोरपिशी नाही झाला, पण बरा आहे.

आणि एक. हिच्याच कुळातल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या आपल्याकडेही आहेत, तुळशीवरही येतात. मी २४ वर्षं कोथरूडच्या त्या बाल्कनीत तुळशीला पाणी घातलं आणि एकदाही पाहिली नाही. बाबा, चहा झाला की दहाच्या सुमारास कुंडीपाशी जरा बसा. आई, मंजिऱ्या लगेच खुडू नकोस, दोन-चार राहू देत. दिसली तर मोबाइलवर फोटो पाठवा, हलला तरी चालेल.

कापडाचे पाच तुकडे पार्सलने पाठवतेय, न शिवता. तुझ्यासारखी शिवण इथे कुणाची नाही. सुती आहे, आटेल, म्हणून कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव आणि सावलीत वाळव. झिपा तुळशीबागेतून आण, पांढऱ्या नको, हिरव्या.

तुमची,
मनू