तिसरी बॅटरी घेण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा बसली आणि गॅरेजवाला पुन्हा नवी बॅटरी टाका म्हणतोय, हे कळलं. टाकू नकोस, निदान आत्ता तरी. आहे ती वर्षाचीही झालेली नाही. एवढी नवी बॅटरी वारंवार उतरते तेव्हा दोष बहुतेकदा तिचा नसतो. एक तर तिला पुरतं चार्जिंग मिळत नाही, नाहीतर गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट खातंय. दोन्ही गोष्टी साध्या मल्टिमीटरने मोजता येतात. तेव्हा आधी मीटर, मग पाकीट.

तुझी गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, त्यामुळे तिच्यात दोन बॅटऱ्या आहेत. इंजिन फिरवायचं काम मोठी, उच्च दाबाची बॅटरी करते. छोटी १२ व्होल्टची फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढते. हे रिले ओढले गेले नाहीत तर मोठी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी ढिम्म. साध्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर आधी काही दिवस घरघरतो, म्हणजे सूचना मिळते. हायब्रिडमध्ये छोटीवर तसा भार पडतच नाही, त्यामुळे तिचा अशक्तपणा शेवटच्या दिवसापर्यंत झाकलेला राहतो. आणि व्होल्टेज घसरलं की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटतात, त्यात हायब्रिड सिस्टिमचाही इशारा असतो. तो बघून मोठ्या बॅटरीचं एस्टिमेट काढणारे महाभाग आहेत. छोटी तपासल्याशिवाय मोठीचं नावही काढू द्यायचं नाही.

या गाडीला अल्टरनेटर, म्हणजे साध्या गाडीत इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, नाही. मोठीतून छोटीला चार्ज करायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, आणि तो फक्त डॅशबोर्डवर ‘रेडी’चा (गाडी निघायला तयार असल्याचा) दिवा लागलेला असतानाच. ब्रेक न दाबता बटण दाबलं की स्क्रीन लागते, गाणी लागतात, पंखा फिरतो, पण चार्जिंग शून्य. गाडीत बसून तासतासभर फोनवर बोलायची तुझी सवय मला माहीत आहे. बोलायचंच असेल तर ‘रेडी’ लावून बोल, नाहीतर गाडी पूर्ण बंद करून.

आता मोजणी. आधी छोटीला चार्जर लावून पूर्ण भर. एजीएम जातीची (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, सीलबंद) असेल तर चार्जरही एजीएम मोडवर, ४-५ अँपिअरपेक्षा जास्त नको. मग गाडी रात्रभर तशीच राहू दे आणि सकाळी दार उघडण्याआधी व्होल्टेज बघ. बॅटरी डिकीत किंवा मागच्या सीटखाली असली तरी बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाचं जंप टर्मिनल, म्हणजे बाहेरून वीज द्यायचा खांब, असतं, तिथेही मोजता येतं. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी बंद केल्या केल्या मोजू नकोस, तेव्हाचा आकडा फुगलेला असतो.

मग ‘रेडी’ लाव, हेडलाइट लाव आणि पुन्हा मोज. १३.५ ते १४.७ च्या दरम्यान आलं तर कन्व्हर्टर ठीक. बाराच्या आसपास राहून हळूहळू खाली सरकत असेल तर कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज नाहीतर अर्थची पट्टी (निगेटिव्हला गाडीच्या धातूशी जोडणारी) यांत दोष आहे. जंप टर्मिनलवर १४.२ आणि बॅटरीच्या खांबांवर १३.४ असा फरक दिसला तर मधे कुठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. टर्मिनलची पकड हाताने हलते का बघ. हलली तर नट आवळ, आधी तारेच्या ब्रशने खांब घासून. नारिंगी रंगाच्या केबलींना मात्र कुठेही हात लावायचा नाही, तो उच्च दाब आहे.

खरी चोरी पकडायची ती गाडी झोपलेली असताना. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या निगेटिव्ह खांब आणि तिची केबल यांच्या मधे जोडायचा. पण केबल काढण्याआधी चिमट्यांची एक जाड वायर खांबापासून केबलपर्यंत लावून ठेव, म्हणजे वीज तुटणार नाही. वीज तुटून परत आली की सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा खोटा येतो. बॅटरीपर्यंत पोचायला जे दार किंवा डिकी उघडी ठेवावी लागेल, त्याच्या कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद कर, गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. (नंतर हँडल ओढून खटका सोडव, नाहीतर दार आपटताना कुलूपच वाकेल.) किल्ली दहा-बारा पावलं लांब ठेव. पाऊण तास थांब, मग चिमट्यांची वायर काढ आणि आकडा वाच. त्या अवस्थेत स्टार्टचं बटण दाबलंस तर मीटरचा फ्यूज गेलाच समज. आणि काम झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या खाचेत घाल. १० अँपिअरच्या खाचेत ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजणं म्हणजे सरळ शॉर्ट करणं. डीसी मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर (केबल न काढता तिच्याभोवती नुसता अडकवायचा) कुणाकडे मिळाला तर ही सगळी उठाठेव वाचते.

२० ते ५० मिलिअँपिअर असेल तर गाडी निर्दोष. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तेवढ्यावर निम्मी व्हायला १८-१९ दिवस लागतात. आकडा ३०० आला तर तीच बॅटरी तीन दिवसांत निम्मी. तुझी गाडी शुक्रवारी उभी राहून सोमवारी बसते, त्यावरून मला या दुसऱ्याच प्रकाराचा वास येतोय.

आकडा जास्त आला म्हणून फ्यूज उपटत सुटू नकोस, प्रत्येक फ्यूज परत लावताना काहीतरी जागं होतं. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर टोकं टेकव. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. शून्याच्या वर काही दिसलं तर त्या वाटेवर कोण आहे ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर वाच.

माझा पहिला संशय डॅशकॅमवर आहे. पार्किंग मोडमध्ये तो सहज २००-३०० मिलिअँपिअर खातो. बसवणाऱ्याने त्याचा कटऑफ (ज्या व्होल्टेजला तो आपोआप बंद होतो) ११.८ व्होल्टवर ठेवला असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत तो थांबणारच नाही, १२.४ वर ठेवायला सांग, नाहीतर पार्किंग मोड बंदच कर. त्यानंतर ओबीडीच्या (गाडीचे दोष वाचायच्या) खाचेत कायम खोचून ठेवलेला डोंगल, बाहेरून बसवलेला ट्रॅकर, आणि डिकीचा दिवा. डिकी बंद झाल्यावर दिवा विझतो का हे बघायला फोनवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेव आणि झाकण लाव. किल्ली घरात गाडीलगतच्या भिंतीवर टांगत असशील तर ती जागा बदल, किल्ली आणि गाडी रात्रभर एकमेकींना हाका मारत बसतात.

गाडी पुन्हा बसलीच तर दाराच्या किल्लीतली छोटी धातूची किल्ली ओढून ड्रायव्हरचं दार उघडायचं. डिकीचं कुलूप विजेवर आहे, बॅटरी गेली की ती उघडत नाही. त्यामुळे जंप स्टार्टर (उतरलेल्या गाडीला सुरू करायची हातातली बॅटरी) डिकीत ठेवण्यात अर्थ नाही, सीटखाली ठेव. लाल चिमटा जंप टर्मिनलला, काळा इंजिनजवळच्या उघड्या धातूला. उलट लावलेस तर मुख्य फ्यूज किंवा कन्व्हर्टर जातो. आपल्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. कन्व्हर्टर त्या करंटसाठी बनवलेला नाही. (प्रज्ञाच्या किया निरोसारख्या काही हायब्रिड गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी लिथियमची असते आणि डॅशबोर्डवर ती रीसेट करायचं बटण असतं. ते दाबून काही सेकंदांत गाडी सुरू करायची. त्या गाडीला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नका.)

जंप केल्यावर पंधरा मिनिटं फिरवून बॅटरी भरत नाही. शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू घेते, त्याला काही तास लागतात. म्हणून प्रत्येक वेळी चार्जर लावायचा. तीनदा पूर्ण उतरल्यामुळे तिच्या प्लेटांवर सल्फेट धरलं असणार, थोडी क्षमता कायमची गेली असेल. किती गेली ते पूर्ण भरल्यानंतर दुकानात टेस्टरवर बघून घे. रिकाम्या बॅटरीला टेस्टर बऱ्याचदा नापास करतो, आणि दुकानदाराला तेच हवं असतं. बदलायचीच झाली तर मूळ जातीचीच घे, आणि बॅटरी केबिनच्या आत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी परत जोडली का ते स्वतः बघ.

गाडी फारशी वापरात नसेल तेव्हा रोज पाच मिनिटं चालू करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’वर ठेव, उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये नाही, इंजिन मधेच आपोआप सुरू होतं आणि धूर आत कोंडतो. महिनाभर उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली ठेवणारा, लाव. तो नसेल तर १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेव, पण डिकी बाहेरून कशी उघडायची ते आधी पाहून.

आज छोटी पूर्ण भरून झाली की रात्री डॅशकॅमची वायर काढ, बाकी कशाला हात लावू नकोस. उद्या सकाळचा व्होल्ट, ‘रेडी’वरचा व्होल्ट आणि झोपलेल्या गाडीचे मिलिअँपिअर, हे तीन आकडे मला लिहून पाठव.

तुझी,
आई